सटवीपुढची दोरी

चपला इथंच काढा. सगळ्यांनी. पाय मळले तर नदी काही लांब नाही. इथून पुढं अनवाणीच यायचं असतं, आणि का ते ऐकल्यावर आपसूक कळेल.

हे निंबाखाली दगडी काठाचं तोंड दिसतंय ना, ते पेव. हळद साठवायची जमिनीतली कोठी म्हणा. वर तोंड एवढंसं, सडपातळ माणूस कसाबसा आत जाईल इतकं, आणि खाली पोट मात्र चांगलं खोलीएवढं. हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, वर माती लोटायची, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. आमच्या करंजवाडीतली सगळी पेवं अशी झाकलेली. हे एकच उघडं, आणि यात हळद भरत नाहीत. काठाच्या दगडाला ही खाच आहे, बोट घालून बघा. ती दोरीनं पडली असं सांगतात. आता दोरीनं दगड कापतो का, हे मला विचारू नका. मी काही तिथं बसले नव्हते, जुनी माणसं सांगत आली तेच सांगते.

त्या काळी गावची पाटीलकी हैबतरावाकडं होती. घरात कशाला कमी नव्हतं, मूल तेवढं नव्हतं. नवससायास करून उतारवयात एक मुलगी झाली, तिचं नाव सगुणा. सहाव्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या रात्री उंबऱ्याशी भागा सुईण निजली होती. तिला म्हणे सटवीचं पुटपुटणं ऐकू आलं. लिहिता लिहिता सटवी म्हणाली, "पोर गुणाची होईल, आणि वयात आली की जमिनीच्या पोटात जाईल." उजाडल्या उजाडल्या भागानं ते पाटलाच्या कानावर घातलं.

पाटील वाईट माणूस नव्हता. भ्यालेला होता, आणि भ्यालेला माणूस काय करील याचा नेम नसतो. त्यानं ठरवून टाकलं, पोरीचा पाय मातीला लागूच द्यायचा नाही. माडीवर फळ्यांची लाकडी तक्तपोशी होती, तिथं तिला ठेवलं. खालच्या अंगणात फरशी घातली, तुळशीवृंदावन परसात नेलं. चूल मातीची, म्हणून सगुणेला स्वयंपाकघर बंद. तिच्या खोलीतला पाण्याचा माठसुद्धा गेला, तांब्याची घागर आली. लहान होती तोवर कडेवरून देवाला तरी नेत. मोठी झाली तसं तेही थांबलं आणि माडीच्या दाराला कुलूप लागलं.

नागपंचमीला गावच्या पोरी या मैदानात फेर धरायच्या. वर सगुणा एकटीच फळ्यांवर पाय आपटत फिरायची, आणि खालून तिची आई उमाबाई डोळ्याला पदर लावून ते ऐकायची. सगुणेच्या तळव्यांना कधी भेग पडली नाही, कधी काटा रुतला नाही. बायका म्हणायच्या, काय नशीबवान पोर आहे. ते शब्द खिडकीतून वर यायचे, आणि सगुणा चौकटीला कपाळ टेकून नुसती बसून राहायची. तिला बिचारीला रडायलाही कारण सापडत नव्हतं. सगळे तिच्या भल्यासाठीच तर करत होते.

तिची ती मागची खिडकी या मैदानावर उघडायची. पेवात उतरून हळद काढायचं काम तेव्हा महादूच्या घराकडं होतं. त्याची लेक ठकू सगुणेच्याच वयाची, अंगानं काडी आणि तोंडानं फटकळ. एक दिवस ती खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय गं, तुला पाय नाहीत का?"

सगुणेनं खिडकीतून पाय बाहेर काढून दाखवला.

"मग खाली ये की."

"आबा नको म्हणतात."

"आणि मी काय रोज मान मोडून वर बघू?" ठकू म्हणाली आणि निघून गेली. सगुणेला वाटलं, आली तशी गेली. पण दुसऱ्या दिवशी अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, एक गुंडाळी दगडाला बांधलेली खिडकीतून आत येऊन पडली. "दोरी वळ," खालून हुकूम आला. सगुणेला कुठं दोरी वळता येत होती? ठकूनं खाली बसून मांडीवर वळून दाखवली, हिनं वर बघून बघून वळली. पहिली तुटली, दुसरी तुटली. मग जी वळली, ती जन्माची सोबत झाली.

त्या दोरीनं वर चिंचा यायच्या, बोरं यायची, हरभऱ्याचा डहाळा यायचा. खाली लाडू जायचा, कधी जुना परकर जायचा. दोघींनी पेवातल्या कामाची खूणच उचलली होती. दोरीला एक हिसका म्हणजे मी आहे, दोन हिसके म्हणजे वर ओढ. पुष्कळदा द्यायला काहीच नसायचं. तेव्हा ठकू येता-जाता एक हिसका द्यायची, वरून एक हिसका यायचा, आणि ती कामाला जायची. एकदा ठकूनं वडाच्या पानात ओल्या मातीचा गोळा बांधून पाठवला. सगुणेनं पान उघडलं, नाक जवळ नेऊन कितीतरी वेळ वास घेतला, पण बोट लावायचा धीर काही झाला नाही. पान तसंच बांधून तिनं परत सोडलं. सगळ्यांची टिंगल करणारी ठकू, पण त्या दिवशी तिनं नुसता एक हिसका दिला आणि कामाला गेली.

सगुणा वयात आली आणि पाटलाची झोप उडाली. माडीवरून दिसणारं पेवाचं उघडं तोंड त्याला बघवेना. आता पेव उघडलं की त्याला आधी श्वास घेऊ द्यावा लागतो. आत कोंडलेली हवा विषारी असते. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दिवा सोडून बघायचा, आणि तो विझला तर माणसानं उतरायचं नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाटलालाही ठाऊक होतं. तरी त्यानं हुकूम काढला, की माझ्या घरामागं जमिनीचं तोंड उघडं राहता कामा नये, उघडा, रिकामं करा आणि लगेच झाका. महादू दर वेळी काही ना काही निमित्त काढून पेवाला थोडा श्वास मिळवून द्यायचा. पण एका हंगामात तो तापानं पडला. हळद न्यायला दारात गाड्या उभ्या, आणि पेवाच्या तोंडातून जाईल अशी दुसरी ठकूच.

सगुणा खिडकीतून बघत होती. फरशी सरकली. दिवा काही कुणी सोडला नाही, पाटलाचा कारभारी घाई करत होता. ठकूनं वर बघून हात केला आणि दोरीला धरून आत गेली. थोड्या वेळानं वरच्या माणसानं दोरी हलवून बघितली, ती सैल होती. हाका मारल्या, आतून उत्तर नाही. एक गडी कसाबसा अर्धा उतरला आणि खोकू लागला, डोळे पांढरे झाले, त्याला परत ओढून घ्यावं लागलं. मग कुणी पुढं होईना. सगळे काठाशी नुसते उभे राहिले.

सगुणेनं दार बडवलं. बाहेर उमाबाई किल्ली हातात घेऊन रडत उभी होती. "नको गं सगुणे, हे सगळं तुझ्यासाठीच आहे."

"माझ्यासाठीच आहे ना?" आतून सगुणा म्हणाली. "मग आई, माझ्यासाठीच तिला श्वास मिळाला नाही."

दार उघडलं नाही. उमाबाईचा हात कुलपापर्यंत गेला आणि तिथूनच मागं आला. सगुणेनं दोरी खिडकीच्या मधल्या खांबाला दुहेरी घातली, पदर खोचला आणि खाली उतरली. हाताची सालटी निघाली. पाय मातीला लागला तेव्हा म्हणे ती एक क्षण थबकली. जमीन आता दुभंगेल असं तिला वाटलं होतं. जमीन तापलेली होती आणि खडे टोचत होते, बाकी काही झालं नाही. एक टोक ओढून तिनं दोरी सोडवून घेतली आणि पळत सुटली. आयुष्यात कधी मातीवर न चाललेली पोर, दोनदा पडली.

तिला बघून माणसं बाजूला झाली. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ठकूची आई गौरा तेवढी आडवी आली. "पोरी, तू नको. तुझ्या कपाळी काय लिहिलंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"काकी, जमिनीच्या पोटात जाईल, एवढंच लिहिलंय ना? परत येणार नाही असं कुठं लिहिलंय?"

गौरानं दोरीचं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं. बायकांनी या निंबाचा डहाळा मोडला आणि आत वारा जावा म्हणून पेवात खालवर घुसळला. सगुणेनं दोरी काखेत बांधली, छाती भरून श्वास घेतला आणि उतरली.

आत काळाकुट्ट अंधार, आणि हळदीचा वास डोळ्यांत चढणारा. चाचपडत तिला ठकूचा हात लागला. स्वतःची गाठ सोडून तिनं ती ठकूच्या काखेत बांधली आणि दोन हिसके दिले. दोरी वर गेली. ठकूचे पाय तिच्या चेहऱ्यावरून घसटत गेले. तेवढ्यात तिचा दम सुटला, छातीत नको ती हवा शिरली, आणि ती हळदीच्या ढिगावर कोसळली.

वर पाटील धावत आला. ठकू बाहेर निघालेली आणि लेक आत, हे बघून तो मातीत बसला आणि म्हणाला, "लिहिलं होतं ते झालं." ते ऐकून गड्यांनी हात जोडले. कुणी वाईट नव्हतं हो. पण लिहिलेलंच झालं म्हटल्यावर कुणी दोरीला हात लावेना. आत पडलेल्या सगुणेला वडिलांचा आवाज लांबून ऐकू आला. तिलाही ते पटलं. माडी काय आणि हे काय, कोंडलेलंच तर आहे, असं तिच्या मनात आलं, आणि डोळे मिटू लागले.

इकडं ठकूला ओकारी झाली, श्वास आला. उठवत नव्हतं तिला. तिनं आजूबाजूला बघितलं, सगळ्यांचे जोडलेले हात बघितले, आणि कुणाला काही न विचारता कोपरांवर सरपटत काठाशी गेली. काखेतली दोरी सोडवून आत सोडली आणि एक हिसका दिला.

दोरी सगुणेच्या गालावर आपटली. एक हिसका. मी आहे. थोड्या वेळानं पुन्हा एक. रोज येता-जाता यायचा तसाच. सगुणेला बोलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं. पण त्या हिसक्याला उत्तर दिलं नाही असा दिवस कधी गेला नव्हता. तिनं दोरी मनगटाला वेढली, पुन्हा वेढली, आणि दोन हिसके दिले.

"ओढा," ठकू म्हणाली. ती ओढू लागली, गौरा ओढू लागली. काठावर दोरी करकरली, ही खाच तेव्हाची. मग उमाबाई आली, किल्ली अजून मुठीतच होती. ती टाकून तिनं दोरी धरली. ते बघून सगळ्यात शेवटी हैबतराव उठला.

सगुणा वर आली ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. निंबाखाली बराच वेळ तिचं डोकं ठकूच्या मांडीवर होतं. शुद्ध आली तेव्हा पाटील तिला उचलून घरी न्यायला वाकला. तिनं त्याचा हात बाजूला केला. "आबा, जमिनीच्या पोटात जाऊन आले मी. लिहिलेलं संपलं. आता कुलूप काढा." आणि ठकूच्या खांद्यावर हात टाकून ती चालत घरी गेली. पाटील मागून चालत होता, आणि त्यानंही म्हणे जोडा काढून हातात घेतला होता.

पुढं तिचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, ठकूचीही झाली. ते सगळं घरोघर होतं तसंच. पेव मात्र परत कुणी झाकलं नाही.

आजही करंजवाडीत कुठलंही पेव उघडलं की आधी दिवा सोडतात, आणि कितीही गाड्या खोळंबल्या तरी कुणी घाई करत नाही. मुलगी झाली की बाळाचे पाय पहिल्यांदा इथल्या मातीला लावतात. आणि सटवीच्या रात्री बाकी गावांत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात ना, तशी आम्हीही ठेवतो, पण शेजारी अंबाडीची दोरी ठेवतो. दोघी मैत्रिणी तिची दोन टोकं धरून बसतात आणि म्हणतात, "लिही बाई, तुला काय लिहायचं ते. दोरी आम्ही धरलीय."