चिमी पाल आणि फुसफुस टीव्ही

एक होती पाल. इवलीशी पाल. नाव तिचं चिमी. ती राहायची भास्करकाका आणि त्यांच्या आईच्या, म्हणजे आजीच्या घरी, घड्याळामागे.

भास्करकाकांनी नवा टीव्ही आणला. केवढा मोठा! केवढा पातळ! पण त्याचं प्लास्टिक काही काढलं नाही. का? टीव्ही नवा राहावा म्हणून. सोफ्यावर प्लास्टिक. रिमोटवर प्लास्टिक. काकांच्या घरी सगळं कसं नवं! बसलं की चुरचुर.

टीव्हीवर लागली बदकाची गोष्ट. बदकाचं पिल्लू हरवलं होतं. आईला शोधत होतं. आणि आवाज? फुसफुस फुसफुस!

"काय म्हणालं ते?" काकांनी विचारलं.

"काय म्हणालं ते?" आजीने विचारलं.

कुणालाच कळलं नाही. चिमीला रडूच आलं. पिल्लाला आई सापडणार की नाही?

चिमी निघाली. सरसर सरसर.

"टीव्ही टीव्ही, मोठ्याने बोल. बदकाला आई सापडेना!"

टीव्ही म्हणाला, "फुसफुस! मी नाही बोलणार. तोंडावर प्लास्टिक आहे. ते निघेल, तर बोलेन."

चिमी निघाली. सरसर सरसर.

"प्लास्टिक प्लास्टिक, नीघ. टीव्ही बोलेना, बदकाला आई सापडेना!"

प्लास्टिक म्हणालं, "चुरचुर! मी नाही निघणार. माझ्यामुळे तर घराला शोभा! कात्री कापेल, तर निघेन."

चिमी निघाली. सरसर सरसर.

"कात्री कात्री, प्लास्टिक काप. प्लास्टिक निघेना, टीव्ही बोलेना, बदकाला आई सापडेना!"

कात्री म्हणाली, "कचकच! मी नाही कापणार. मी काय आपणहून उठू? काका उचलतील, तर कापेन."

चिमी निघाली. सरसर सरसर.

"काका काका, कात्री उचला. कात्री कापेना, प्लास्टिक निघेना, टीव्ही बोलेना, बदकाला आई सापडेना!"

काका म्हणाले, "छे छे! मी नाही उठणार. प्लास्टिक काढलं तर टीव्ही जुना होईल! त्यापेक्षा मोठ्ठा स्पीकर आणू. कपाटाएवढा! दिवाळीला. या नाही, पुढच्या. आजी रागावेल, तरच उठेन."

चिमी निघाली. सरसर सरसर.

"आजी आजी, काकांवर रागाव. काका उठेनात, कात्री कापेना, प्लास्टिक निघेना, टीव्ही बोलेना, बदकाला आई सापडेना!"

आजी म्हणाली, "मी नाही रागावणार. टीव्ही चांगलाच आहे गं. माझे कानच गेले." आजीचा चेहरा एवढासा झाला. काकांनाही ऐकू येत नव्हतं. पण काका कशाला सांगतील?

"मी आपली झोपते," आजी म्हणाली. "घुर्र! डास चावेल, तर रागावेन."

चिमी निघाली. सरसर सरसर.

"डास डास, आजीला चाव. आजी रागावेना, काका उठेनात, कात्री कापेना, प्लास्टिक निघेना, टीव्ही बोलेना, बदकाला आई सापडेना!"

डास म्हणाला, "गुणगुण! मी नाही चावणार. खाली आलो की तू मला गट्टम करशील! तू तोंड मिटशील, तर चावेन."

चिमीला भूक तर केवढी लागली होती! पण बदकाचं पिल्लू एकटं होतं ना? चिमीने तोंड मिटलं. घट्ट!

मग काय?

डास आजीला चावला. चट्!

आजी काकांवर रागावली. "भास्कर! त्या प्लास्टिकमागेच डास लपतात! काढ ते आधी!"

काका उठले. अगदी टुण्णकन! कात्री उचलली.

कात्रीने प्लास्टिक कापलं. कचकच!

प्लास्टिक निघालं. चुर्रर्र!

टीव्ही बोलला. खणखणीत! "आई! आई! कुठे आहेस?"

"अगंबाई!" आजी हसली. "माझे कान आहेत की जागेवर!"

"बघ," काका म्हणाले, "टीव्ही मी निवडला होता!" हो तर. काकाच हुशार.

"हो रे बाबा," आजी म्हणाली. "पण केवढा हा आवाज! जरा कमी कर."

काकांनी आवाज कमी केला. तरी चिमीला सगळं ऐकू आलं.

"पिल्ला, मी इथे आहे," बदकाची आई म्हणाली. आणि पिल्लू तिच्या पंखाखाली शिरलं. गुडुप!