सखूची शेळी आणि एकतीस हुशार मुलं

एका गावात एक आई होती. तिचं नाव प्रणिता. शिक्षण बी.ए.पर्यंत, काळजी मात्र त्याच्या पुष्कळ पुढची.

तिची मुलगी ईश्वरी चौथी संपवून पाचवीत जाणार होती आणि तिला वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेत वर्षभर चार वर्गांना मिळून एकटे काकडे सर होते. त्यात बरीच मुलं मागे पडली होती. पण दुसऱ्याचं मूल मागे पडलं की दोष शाळेचा असतो, आपलं पडलं की आपला. निदान प्रणिताला तसं वाटायचं.

ती शाळेच्या समितीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मागे पडलेल्यांसाठी वर्ग घ्यावा, हे तिनंच काढलं. सकाळी साडेसात ते साडेनऊ, ऊन चढायच्या आत. आधी वाचन, मग गाणी आणि मातीकाम. तिनं तीन रंगांच्या स्केचपेनांनी वेळापत्रकही केलं. त्यावर तीन बैठका झाल्या. पहिली बॅनरवर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यात गेली. दुसरी वर्गाच्या नावात गेली. 'मागे पडलेल्यांचा वर्ग' म्हटलं तर पोरांच्या मनाला लागेल, असं आयांचं म्हणणं. शेवटी 'उन्हाळी फुलोरा' ठरलं. तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष तात्यांना डुलकी लागली, म्हणून तेवढ्या एका बैठकीत काम झालं.

शिकवायला तालुक्याहून एक ताई मिळणार होती. अट एकच. मुलांची वाचनाची चाचणी घ्या, दहा तरी मुलं मागे आहेत असं दाखवा, मग वर्ग मंजूर.

"दहाच ना?" काकडे सर म्हणाले. "आपल्याकडे वीस निघतील. या बाबतीत आपण श्रीमंत आहोत."

चाचणीसाठी एक पान आलं. सखू नावाच्या मुलीची शेळी हरवते आणि सापडते, एवढीच गोष्ट. सरांनी ते प्रणिताकडे दिलं, झेरॉक्स काढून आणायला.

इथं प्रणिता चुकली. आपण चुकतोय हे तिला कळतही होतं, पण कळून वळलं नाही. समितीतल्या बाईची मुलगी चारचौघांत अडखळली तर लोक काय म्हणतील, या विचारानं तिनं एक प्रत जास्त काढली. 'वर्गात तर तिला घालणारच आहे, गाण्यासाठी म्हणून,' असं तिनं स्वतःला समजावलं. संध्याकाळी ईश्वरीला पुढ्यात बसवून ती एकेक ओळ सांगू लागली. "सखूची शेळी हरवली, हं. सखू माळावर गेली, हं." प्रत्येक वाक्यामागं 'हं' म्हणायची तिची सवयच होती. दोन तासांत ईश्वरीला पान तोंडपाठ झालं. अक्षर एकही ओळखू आलं नाही.

तेवढ्यात मोठी जाऊ, सुमनताई, पोळपाट मागायला आली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पापड होते.

"काय गं, परीक्षेचं का? आमच्या सोहमला पण बसू दे की. का तुझ्या एकटीचाच नंबर काढायचाय?"

जावेला नाही म्हणायचं धाडस बी.ए.ला शिकवत नाहीत. सोहम बसला.

दुसऱ्या दिवशी सुमनताईच्या गच्चीवर बाया पापड लाटत होत्या, पोरं कावळे हाकत बसली होती, आणि ईश्वरी सगळ्यांना सखूची शेळी शिकवत होती. तिसऱ्या दिवशी पापड शेजारच्या घरी गेले, शेळीही गेली. ज्या घरी पापड, त्या घरी शेळी. आयांनी आपापल्या पोरांना खाऊ देऊन घोकायला बसवलं. आठवडाभरात गावातलं तान्हं पोर सोडलं, तर शेळी न येणारं कुणी उरलं नाही.

चाचणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली, आया बसल्या. पहिल्या मुलानं घडाघडा वाचलं. सर खूश झाले. पाचव्यानं वाचलं तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला. अकराव्यानं पान उलटं धरलं आणि एकही चूक केली नाही. एकतीसच्या एकतीस मुलं पास.

"तालुक्यात पहिला नंबर आपला," तात्या म्हणाले. "सर, तुम्हाला फेटा बांधू."

"फेटा राहू द्या तात्या. वर्ग कुणासाठी घ्यायचा तेवढं सांगा."

"वर्ग तर पाहिजेच बाई," सुमनताई म्हणाली. "पोरं नुसती उन्हात हुंदडतात."

"मग मागे असलेली दहा नावं द्या."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. "आमच्या सोहमचं नका धरू," सुमनताई म्हणाली. "त्यानं आत्ताच वाचलं की तुमच्यासमोर."

"म्हणजे गावाला दवाखाना पाहिजे, पण खोकला कुणालाच नाही." सरांनी कपाळाला हात लावला. "बरं, मला एक सांगा. या पानावर कुठंही 'हं' लिहिलेलं नाही. एकतीस पोरांनी ते ओळीओळीला वाचलं. आलं कुठून?"

कुणी बोलेना. सर थांबले, मग त्यांनी निकालाचा कागद पुढं ओढला. सही झाली की वर्ग गेला. ताई दुसऱ्या गावाला जाणार, आणि ईश्वरी पाठ करत करत पाचवीत, मग सहावीत.

प्रणितानं वाट पाहिली. दुसरी कुणी तरी बोलेल, असं तिला वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं, की दुसरीलाही हेच वाटत असणार. खांबाला टेकलेली ईश्वरी तिच्याकडेच बघत होती. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, ते 'हं' माझं आहे," प्रणिता म्हणाली. "पान मी घरी नेलं. ईश्वरीनं वाचलं नाही, पाठ म्हटलं. तिला वाचता येत नाही. पहिलं नाव तिचं लिहा."



"अहो सूनबाई, पण तो पहिला नंबर..." तात्या चुळबुळले.

"तात्या, पान उलटं धरलं होतं तो तुमचाच नातू," सर म्हणाले. "बोलवू परत?"

सुमनताईनं मोठा सुस्कारा सोडला. "लिहा मग आमच्या सोहमचंही. ईश्वरी एकटी कशाला, तिला आपली सोबत."

मग सोहमच्या सोबतीला तात्यांचा नातू आला, नातवाच्या सोबतीला आणखी दोघी. बघता बघता बावीस नावं झाली. ईश्वरी सोडली, तर त्यांतलं एकही मूल मागे नव्हतं, सगळी सोबतीला होती. सरांनी वाद घातला नाही. नावं भराभर लिहून घेतली.

घरी जाताना ईश्वरी बोलेना. चारचौघांत आपण हिला उघडं पाडलं, हेच प्रणिताच्या डोक्यात घोळत होतं. वळणावर आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, म्हणजे आता पाठ नाही करायचं?"

"नाही."

"मग बरं झालं," ईश्वरी म्हणाली आणि उड्या मारत पुढं गेली.

वर्गाच्या पहिल्या दिवशी ताईंनी नवं पान दिलं. ईश्वरीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. बाहेर खिडकीशी उभ्या असलेल्या प्रणिताच्या ओठांवर तो शब्द आला होता. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं. ईश्वरी चुकली. पुन्हा चुकली. मग हळूहळू, अक्षर अक्षर जुळवत, तिनं सबंध ओळ वाचली. ओळीच्या शेवटी 'हं' नव्हतं.

तात्पर्य: मुलाचं उणं झाकायला गेलं, की त्याला मिळणारी मदतही झाकली जाते. म्हणून गरजवंतांची यादी होत असेल, तेव्हा शेजाऱ्याकडे न बघता पहिलं नाव आपल्या घरचं सांगावं.