भिंतीकडे वळवलेले चेहरे

एकदा एक यंत्र एका शिष्याच्या हाती आलं आणि त्यापायी तो काय गमावून बसला, त्याची ही गोष्ट आहे. यंत्र तसं साधंच होतं. वहीएवढा व्हिडिओ प्लेअर. घडी उघडली की आत काचेचा पडदा, सीडी घातली की त्यावर चित्र हलू लागे. काखेत मारून गावोगाव नेता येई. शिष्याचं नाव दिगंबर. एका वृद्ध मूर्तिकाराच्या हाताखाली तो नऊ वर्षं शिकत होता.

हे मूर्तिकार, सगळे त्यांना तात्या म्हणत, दिवंगत माणसांचे अर्धपुतळे घडवत. कुणाचे वडील, कुणाचे गुरू, कुठल्या शाळेचे संस्थापक. बहुतेकांचा फोटो असे. ज्यांचा नसे, त्यांचा चेहरा तात्या घरच्यांच्या सांगण्यावरून मातीत उतरवत, आणि तो इतका खरा उतरे की बघणाऱ्याचे डोळे भरून येत. मात्र तात्यांची एक खोड होती. नवं गिऱ्हाईक दारात दिसलं, की ते लगबगीनं उठत आणि कारखान्यातल्या प्रत्येक तयार पुतळ्याचं तोंड भिंतीकडे करत. मग म्हणत, "या, बसा. पाणी घ्या." आलेला माणूस बघतो तर काय, चहूकडे नुसत्या पाठी आणि माना!

दिगंबरला याचा मनस्वी राग येई. "तात्या, मिठाईवाला कधी बर्फी झाकून ठेवतो का हो?"

"ज्याची त्याची बर्फी," एवढंच बोलून तात्या मातीत हात घालत.

दिगंबर या विद्येकडे वळला होता तो एका चेहऱ्यासाठी. तो पाच वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. फोटो एकही नाही, आई पाठोपाठ गेली, भाऊबंद कुणी नाहीत. पण डोळे मिटले की वडील त्याला दिसत. घराच्या दारात उभे, उन्हाकडे पाठ, मान थोडी कलती, हसत. रोज सकाळी मातीला हात लावण्याआधी तो एकदा डोळे मिटून त्यांना पाहून घेई. त्यांचा पुतळा घडवायचा, हीच त्याच्या जिवाची एकमेव इच्छा होती. तात्या म्हणत, "हात तयार होऊ दे. घाई केलीस तर हात भलत्याच माणसाला घेऊन येतील." भलता माणूस म्हणजे कोण, हे दिगंबरनं कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तर तो प्लेअर. दिगंबरनं एका परगावच्या व्यापाऱ्याचा अर्धपुतळा स्वतःच्या हातानं केला होता, आणि काम खरोखरच देखणं झालं होतं. रुंद कपाळ, मागे वळवलेले केस, भरघोस मिशी, ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू. पुतळा रवाना करण्याआधी त्यानं तो फिरत्या पाटावर ठेवून त्याचं चित्रण करून घेतलं. पडद्यावर आधी पाठ दिसे. मग सावकाश एक कान, मग गाल, आणि चेहरा पुरता समोर आला की पाट थांबे. तिथं तो व्यापारी बघणाऱ्याकडे थेट पाहत राही.

तात्यांनी ते एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. "हे घेऊन घरोघरी जाणार तू?"

"हो. लोकांनी इथवर कशाला यायचं? आपलं कामच त्यांच्या ओसरीवर जाईल."

"काम जाईल की हा जाईल?" तात्यांनी विचारलं. दिगंबर हसला. म्हाताऱ्या माणसांना नव्या वस्तूंची धास्ती वाटतेच, असं तो मनात म्हणाला.

आणि बघा, सहा महिन्यांत तीन कामं मिळाली! तिन्ही घरांत फोटो नव्हता. दिगंबर ओसरीवर बसे, प्लेअर उघडे, घरचे सगळे भोवती दाटी करत. पाहून झालं की तो विचारी, "आता सांगा, तुमचे वडील कसे होते?" लोक डोळे मिटून आठवत आणि सांगत. तयार मातीचा पुतळा पाहताना तिन्ही घरची माणसं रडली. "हेच आमचे आबा!" "हुबेहूब दादा!" दिगंबरची छाती फुगून आली.

तिसरा पुतळा टेम्पोत घालून तो बसवायला निघाला, तेव्हा रस्ता पहिल्या गावातून जात होता. टळटळीत दुपार, चौकात चिटपाखरू नाही. टेम्पोवाला पाणी प्यायला उतरला. दिगंबरची नजर चौथऱ्यावरच्या आपल्या पुतळ्यावर गेली. गळ्यात ताजा हार होता. मग त्यानं सहज मागे वळून टेम्पोतल्या पुतळ्याकडे पाहिलं.  कपाळ तेच. मिशी तीच. ओठांच्या कोपऱ्यात तेच जेमतेम हसू. दुसऱ्या गावचा पुतळा त्यानं आठवून पाहिला, तर तोही हाच! दोन गावांत एकच माणूस उभा होता, तिसऱ्या गावी तोच निघाला होता, आणि घरोघरी त्याला आपला म्हणून हार पडत होते.

मिशीवाले सगळे सारखेच दिसतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तात्यांना काही सांगितलं नाही.

चौथं काम चंद्राक्कांचं आलं. त्यांचे यजमान पिठाची गिरणी चालवत. सारं गाव त्यांना अण्णा म्हणे. आयुष्यभर दळण दळून त्यांनी गावाला वाचनालय बांधून दिलं होतं, आणि त्याच्या दारात त्यांचा पुतळा बसवायचं गावानं ठरवलं. घरातला एकुलता एक फोटो पुराच्या पाण्यात गेला होता. चंद्राक्का पडद्याजवळ सरकून बसल्या. व्यापारी सावकाश वळला, समोर आला, पाहत राहिला. "पुन्हा लाव रे," त्या म्हणाल्या. मग आणखी एकदा लावायला सांगितलं.

"आता सांगा आक्का, अण्णा कसे दिसायचे?"

आक्कांनी डोळे मिटले.  "कपाळ रुंद," त्या हळूहळू म्हणाल्या. "केस मागे वळवलेले. मिशी भरघोस."

"मिशी?" दाराशी उभा असलेला पुतण्या चमकला. "काकू, काकांनी मिशी कधी ठेवली? पीठ अडकतं म्हणून रोज दाढी-मिशी काढायचे की!"

"होती रे, होती," आक्का म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. "समोर दिसतेय ना मला."

दिगंबरनं एकदा पुतण्याकडे पाहिलं. तरी त्यानं मिशी लिहून घेतली.

तात्यांच्या कारखान्याचा एक दंडक होता. माती तयार झाली की घरच्या माणसानं यायचं, पुतळा पाहायचा आणि 'ओळखलं' असं तोंडानं म्हणायचं. त्याशिवाय साचा घ्यायचा नाही. चार महिन्यांनी चंद्राक्का पुतण्याचा हात धरून आल्या. दिगंबरनं ओलं फडकं काढलं.

"ओळखलं," आक्का म्हणाल्या.

दिगंबरनं सुटकेचा श्वास सोडला. आक्का पुढं झाल्या, मायेनं त्यांनी पुतळ्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तळवा केसांवरून मागे नेला. तिथं तो अडखळला. बोटं काहीतरी चाचपडू लागली. मग विस्तवाला लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"हा कोण आहे?"



"डोळे म्हणतात, तेच आहेत. हात म्हणतो, परका आहे." आक्का मागे सरल्या. "चार महिने झाले, दिवा लावताना हाच येऊन उभा राहतो. आधी पाठ दिसते, मग सावकाश वळतो. मला वाटलं, मेल्यावर माणूस बदलत असेल. पोरा, माझा माणूस कुठं गेला? चाळीस वर्षं संसार केला रे मी, आणि मला त्यांचं तोंड आठवत नाही! तुझ्या त्या डबीतल्या माणसानं माझा माणूस खाल्ला!"

 दिगंबर भिंतीला टेकला.

तेव्हा कोपऱ्यातून तात्या उठले. त्यांनी दोन्ही तळवे त्या देखण्या चेहऱ्यावर ठेवले आणि दाबून तो सपाट करून टाकला. मग खांद्यावरचं उपरणं काढून चंद्राक्कांचे डोळे बांधले.

"आक्का, अण्णांचं कोणतं काम तुम्ही आपल्या हातानं करत होता?"

"रविवारी डोक्याला तेल लावायची," बांधल्या डोळ्यांनी आक्का हुंदका देत म्हणाल्या.

"मग आज रविवार आहे. लावा."

तात्यांनी पुढं केलेल्या तेलाच्या वाटीत बोटं बुडवून आक्कांनी मातीच्या गोळ्याला हात लावला. आधी बोटं नुसतीच इकडेतिकडे फिरली. मग त्यांना वाट सापडली. मागच्या बाजूला अंगठ्यानं एक खोलगट जागा केली. "इथं खळगा. लहानपणी बैलगाडीवरून पडले होते." कानाच्या पाळ्या चिमटीत धरल्या. "हा कान थोडा वर." दोन्ही अंगठे भुवयांच्या जागेवरून बाहेरच्या बाजूला फिरले, एकदा, दोनदा, पीठ पुसावं तसे. आणि आक्का एकाएकी हसल्या. "गुदगुल्या व्हायच्या त्यांना. मान अशी पुढं काढायचे, कासवासारखी!" त्यांच्या बोटांमागून तात्यांची बोटं चालत होती.

उन्हं उतरली तेव्हा मातीत एक किडकिडीत, साधासुधा, थोडासा वाकडा चेहरा आला होता. तात्यांनी उपरणं सोडलं. आक्का पाहत राहिल्या. 'ओळखलं' हा शब्द त्या म्हणाल्याच नाहीत. पदराचं टोक पुढं करून त्या पुटपुटल्या, "अहो, भुवया पुसा की."

त्या गेल्यावर तात्यांनी नव्या चेहऱ्यावर ओलं फडकं टाकलं. मग तात्या बोलले.

"दिगू, माझ्या दारात येणारं माणूस एकटं येत नाही. गेलेल्या माणसाला बरोबर घेऊन येतं. तो गेलेला फार हलका असतो बाबा, कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी विरून जातो. समोर दुसरा कुणी देखणा, ठसठशीत बसलेला दिसला, की तो उंबऱ्यावरूनच परत फिरतो, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. त्याला आत यायला जागा मिळावी म्हणून मी माझे पुतळे भिंतीकडे वळवतो. आपलं काम दाखवायला हरकत नाही रे. पण आधी त्यांचं माणूस बसू दे, मग तुझं दाखव."

"त्या तीन घरांचं काय, तात्या? तिथंही मी हाच बसवून आलोय."

"जायचं. सगळं खरं सांगायचं, आणि त्यांच्या हातांना विचारायचं. वर्ष लागो की दोन लागोत." तात्या थांबले. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ती फिल्म त्या लोकांनी दोनतीनदा पाहिली. तू किती वेळा पाहिलीस?"

दिगंबरला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. गावोगाव हिंडण्याच्या नादात सकाळी डोळे मिटून वडिलांना पाहणं कधी सुटलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं डोळे मिटले. घराचं दार दिसलं. दारात ऊन होतं. उन्हात कुणीतरी पाठमोरं उभं होतं. ते सावकाश वळू लागलं. एक कान दिसला. मग गाल. मग ते थांबलं आणि त्याच्याकडे थेट पाहू लागलं, ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू घेऊन.

"तात्या!" दिगंबर ओरडला. "दारात तोच आहे! माझे बाबा नाहीत तिथं!" आणि तीस वर्षांचा तो पुरुष लहान मुलासारखा ढसाढसा रडला.

तात्यांनी त्याला रडू दिलं. मग त्याच्यासमोर मातीचा गोळा ठेवून ते म्हणाले, "डोळ्यांचं राहू दे. पाच वर्षांच्या हातांना काय ठाऊक आहे?"

दिगंबर किती तरी वेळ बसून राहिला. त्याचे हात मांडीवर निपचित पडले होते. मग हळूहळू ते वर उचलले गेले आणि हवेत, छातीच्या उंचीवर, दोन्ही मुठी कशाभोवती तरी मिटल्या. जत्रेत बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. पडू नये म्हणून त्यानं त्यांचे दोन्ही कान घट्ट धरले होते. डावा कान ओढला की बाबा डावीकडे वळत, उजवा ओढला की उजवीकडे, आणि खालून हसत म्हणत, "अरे, उपटशील की!"

दिवेलागणीपर्यंत मातीच्या गोळ्यावर दोन कान झाले. मोठे, जाड पाळ्यांचे, ओढून ओढून जरासे पुढं आलेले. त्यापलीकडे काही आलं नाही, आणि दिगंबरनं ओढूनताणून काही आणलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती सीडी त्यानं त्या व्यापाऱ्याच्या मुलांना नेऊन दिली. तिथं तो पडद्यावरचा माणूस खरोखर कुणाचा तरी बाप होता. परत आला तो दारात एक अनोळखी जोडपं उभं, हातात काही नाही, बावरलेलं. तात्या उठायच्या आत दिगंबर उठला. त्यानं एकेक पुतळा हळुवारपणे भिंतीकडे वळवला. दोन कानांच्या त्या गोळ्याशी येऊन थांबला, आणि त्याला तसाच राहू दिला. त्याला अजून तोंड यायचं होतं.

"या, बसा. पाणी घ्या," तो म्हणाला. पाणी पिऊन होईपर्यंत थांबला. मग विचारलं, "कुणाला घेऊन आलात?"