लिंबाजीने पाळलेला केसांचा कायदा

समुद्रकाठच्या एका गावात एक भोळा पहारेकरी होता. नाव लिंबाजी. सांगितलेलं काम तो असं चोख करायचा, की सांगणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा.

राजवाड्याच्या दारावर तोच. दिवाणजींनी बजावलं, "ज्याचे केस चापूनचोपून बसलेले नसतील, त्याला आत सोडू नकोस."

दिवाणजींचे स्वतःचे केस सरळ, काळेभोर. होते मात्र राजाच्या घोडीच्या शेपटीचे. कापून आणले होते लिंबाजीनेच. "कुणी विचारलं तर सांगायचं नाही," असा हुकूम होता.

त्या दिवशी मरियम आली. सिद्द्यांची लेक, सात पिढ्या दर्यावर गेलेल्या. राजाच्या गलबताला तांडेल हवा होता, आणि वादळात सुकाणू धरावं तर तिनंच. पण केस बारीक कुरळे. बुधलीभर तेल ओतलं तरी उभेच.

"केस बसव, मग ये," लिंबाजी म्हणाला.

"बसत नाहीत रे दादा. जन्मापासून असेच आहेत."

"मग तू बस बाहेर."

बसली बिचारी. संध्याकाळी राजा बाहेर पडला, त्याने सगळं ऐकलं आणि भडकला. लगेच दवंडी पिटली: "जन्मतः आलेल्या केसांवरून कुणालाही दारात अडवायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी मरियम आली, लिंबाजीने तिला आत सोडलं. मागोमाग दरवेशी, अस्वल घेऊन.

"याचे केस जन्माचे?" लिंबाजीने विचारलं.

"हो."

"मग जाऊ दे त्याला. तुझं डोकं भादरलेलं. तू थांब."

अस्वल एकटंच आत गेलं आणि दिवाणजींच्या गादीवर बसलं. अख्खा दरबार खिडक्यांतून बाहेर पडला. मरियमची भेट राहिली ती राहिलीच.

दिवाणजी ओरडले, "गाढवा! जनावराचा एक केससुद्धा आत येता कामा नये!"

लिंबाजीने मान डोलावली. हे अगदीच सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी मरियम आत जाऊन राजापुढे उभी राहिली. मागून दिवाणजी आले. लिंबाजीने भाला आडवा धरला.

"तुम्ही जा. केस इथे ठेवा."

"काय बरळतोस?"

"घोडीचे आहेत ना," लिंबाजी म्हणाला आणि त्याने ते उचलून घेतले.

"मेल्या, सांगायचं नाही म्हटलं होतं ना!"

"कुणी विचारलंच नव्हतं, मालक."

उंबरठ्यावर टक्कल लखलखलं. दरबार हसून हसून लोळायला लागला. मरियमला मात्र दिवाणजींची कणव आली.

"हुजूर, हसू नका," ती म्हणाली. "जन्मले तेव्हा तेही असेच असतील. कायदा त्यांनाही लागू आहे."

राजाने तिथल्या तिथे गलबत तिच्या हाती दिलं.

दिवाणजी लाजेने लालेलाल झाले होते. दात-ओठ खात लिंबाजीला म्हणाले, "आता तरी ते केस ज्याचे त्याला परत दे!"

लिंबाजी तडक निघाला.

संध्याकाळी राजाची घोडी फेरफटक्याला बाहेर पडली. शेपटीला तेल चोपडलेलं, आणि मधोमध भांग.