राणीलाही बांधणारा कायदा

फार फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथला प्रधान गुणाकर आता म्हातारा झाला होता. त्याच्या लहानपणी मार्गशीर्षात दातावर दात वाजत. आई त्याला घोंगडीत गुंडाळून कोवळ्या उन्हात बसवी. चैत्रातही झरे वाहत. आता मात्र थंडी नावापुरती उरली होती आणि झरे तर पार आटले होते. लोखंड गाळायच्या भट्ट्यांनी रानं गिळली होती.

एक दिवस राणीनं त्याला बोलावलं. "प्रधानजी, ऋतू बिघडले. शेजारच्या राज्यांनी यावर काय कायदे केलेत ते पाहून या. उत्तम असेल तो आपण घेऊ."

गुणाकर निघाला. पहिल्या राज्याच्या वेशीवर भलाथोरला ताम्रपट होता. झाड तोडेल त्याला हद्दपारी! वाचूनच धडकी भरावी. पण राजवाड्यामागून धुराचे लोट उठत होते.

"ही भट्टी कुणाची?" त्यानं पहारेकऱ्याला विचारलं.

"महाराजांची. शेवटची ओळ वाचा ना! राजाज्ञा असेल त्याला सूट."

सूट सरदारांना होती, त्यांच्या सोयऱ्यांनाही होती. डोंगर उघडे पडले होते.

दुसऱ्या राज्यातला कायदा चार ओळींचा होता. दरवर्षी किती लाकूड तोडायचं ते ठरलेलं. वर्षाखेरीस राजानं भरसभेत उभं राहून प्रजेला उत्तर द्यायचं. मर्यादा ओलांडली, तर आधी राजाच्या भट्ट्या विझवायच्या. तिथल्या रानात गुणाकर सकाळी हिंडला. गार वाऱ्यानं अंगावर काटा आला आणि कित्येक वर्षांनी त्याला आईची फार आठवण झाली. तो बराच वेळ तिथंच बसून राहिला.

परतल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

"पहिलाच घेऊ," राणी म्हणाली. "त्याचा दरारा आहे. दुसऱ्यात तर मलाच लोकांपुढे उभं राहावं लागेल!"

"सरकार, लहानपणी तुम्ही झऱ्यात पाय सोडून बसायचात. गारठलात तरी उठायचं नाव नाही. आज तुमची नात विचारते, झरा म्हणजे काय? दराऱ्यानं पाणी येत नाही."

राणी हळूच म्हणाली, "दुसराच लिहा."

वर्ष सरलं. सभा भरली. एक बाई उठून म्हणाली, "सरकार, राजवाड्याच्या भट्ट्यांनी किती रान खाल्लं?"

सरदारांनी डोळे वटारले. राणीच्या नव्या महालाचं काम अर्ध्यावर होतं. त्याचं लोखंड याच भट्ट्यांतून येई; त्या विझल्या, तर तो तसाच राहणार होता.

राणी उभी राहिली. "ठरल्यापेक्षा जास्त खाल्लं," ती म्हणाली. "माझ्या भट्ट्या विझवा. आजच."

राजवाड्याचा धूर थांबलेला पाहिल्यावर सरदारांना तोंड उरलं नाही. एकेकानं आपापली भट्टी आवरली. ऋतू काही एका वर्षात वळले नाहीत. गुणाकरही ते पाहायला राहिला नाही. पण नव्या महालाच्या मोकळ्या चौथऱ्यावर राणीच्या नातीनं रोपवाटिका केली, आणि तिथली रोपं पुढं डोंगरभर गेली.

तात्पर्य: कायद्याचं बळ शिक्षेच्या धाकात नसतं, तो करणाराही त्याला बांधलेला असला, तरच तो राज्य वाचवतो.