दाई दरबारात येते

“पण नाना, एवढो सत्यवादी राजा… आणि भर दरबारात जन्म दिलेल्या आवशीक म्हणता, मी हिका ओळखणंय नाय? ह्या माका पटणाच नाय. तुमका पटता?”

लवूनाना आरशात बघून तोंडाला पांढरं फासत होते. सत्तरी ओलांडलेली, पण बोट कापत नव्हतं.

“माका पटान काय उपयोग?” ते नंदूला म्हणाले. “राजा तू आसंस.”

देवळामागच्या पडवीत दशावताराची मंडळी रंगत होती. या नाटकाला पुस्तक नसतं. रंग लावता लावता जुना जाणता नट आख्यान सांगतो, म्हणजे कोण कोणाचा कोण आणि शेवटी काय होतं एवढंच. बोलणं ज्याचं त्याने करायचं, लोकांसमोर, उभ्या उभ्या. म्हणून ज्याची जीभ तल्लख तो राजा होतो.

नंदू राऊळची जीभ तल्लख होती. पंचक्रोशीत त्याला बोलण्यात कोणी हरवलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट पंचक्रोशीला कळायच्या आधी त्याला स्वतःला कळली होती.

आजचं आख्यान धवलकीर्ती राजाचं. राणीचं मूल पाळण्यातच गेलं, तेव्हा दाईने आपलं बाळ तिथे ठेवलं. तोच हा राजा. त्याला आणि दाईला ते ठाऊक आहे, तिसऱ्या कोणाला नाही. म्हातारपणी दाई त्याला डोळे भरून बघायला दरबारात येते. प्रधानाला संशय येतो. तो विचारतो, ही कोण? खरं सांगितलं तर सिंहासन जातं, खोटं सांगितलं तर आई जाते. आणि जन्मात कधी खोटं न बोललेला धवलकीर्ती म्हणतो, मी हिला ओळखत नाही.

नाना चाळीस वर्षं हे आख्यान करत होते. पंचवीस वर्षं राजा होते. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून दाई.

“रचणाऱ्यान चूक केल्यान,” नंदू म्हणाला. “असो माणूस नसता. भितरसून बरो आणि येळ इली की असो? शक्यच नाय.”

“मग बदल.”

“बदलू?”

“पुस्तक खंय आसा आपल्याकडे? तिका आवस म्हण. तुझी जीभ कोण धरता?”

मृदंगवाल्याचा हात मृदंगावरच राहिला. आख्यान बदलायचं? पण नाना म्हणाले म्हटल्यावर कोण बोलणार.

नंदूला मात्र हत्तीचं बळ आलं. त्याने मुकुट उचलला. पडवीच्या कोपऱ्यात मंडळीचा पेटारा होता, ज्यात त्यांचा गणपती असतो आणि ज्याच्यासमोर कोणी खोटं बोलत नाही. नंदू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“ऐका सगळ्यांनी. आज मी सिंहासनावरना उठतलंय. तिच्या पायार डोक्या ठेवतलंय. आवस म्हणतलंय. तसा नाय केलंय, तर ह्यो मुकुट परत कधी डोक्यार घालूचंय नाय.”

कोणीतरी “शाब्बास” म्हणालं.

नानांनी लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला… आणि आरसा पालथा ठेवला.

मंडप भरला होता. पहिल्या रांगेत देवस्थानची मानकरी मंडळी, मागे बायामाणसं, कडेला उभे राहिलेले. दशावतारात सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं आणि त्यावर लाल कापड. नंदू त्यावर असा बसला होता की बघणाऱ्याला ते सोन्याचं वाटावं. मनात भाषण तयार होतं. सत्यावरचं, चांगलं ऐसपैस. शेवटी उठायचं, दोन पावलं चालायची, एक शब्द बोलायचा. सोपं होतं सगळं.

दाई आली.

एरवी नाना रडत यायचे, थांबत थांबत, आणि बाया पदर डोळ्यांना लावायच्या. आज ते तुरुतुरु चालत आले. बाकड्यासमोर उभे राहिले. राजाला वरून खाली बघून घेतलं.

“बरो जाडो झालंस रे,” दाई म्हणाली.

मंडप हसला. नंदूने चालवून घेतलं. घसा खाकरला आणि सुरू केलं.

“हे वृद्ध माते! सत्य हाच माझा प्राण, सत्य हेच माझं सिंहासन, आणि या सत्यासाठी मी…”

“कोणाक सांगतंस ह्या?” दाईने साधेपणाने विचारलं. “माका, की त्या पुढच्या रांगेक?”

हशाचा नुसता फवारा उडाला. वाईट हे की नंदूची नजर खरंच पुढच्या रांगेवर होती.

तेव्हाच उठायला हवं होतं. दोन पावलं तर होती. पण लोक हसत असताना उठायचं कसं? आधी एक असं उत्तर द्यावं की म्हातारी गप्प होईल, मग उठावं. माणूस असाच हिशेब करतो, आणि तो त्याला अगदी वाजवी वाटतो.

“म्हातारे! राजाशी बोलताना जिभेला लगाम असावा!”

“लगाम घोड्याक घालतत, बाबा. आवशीक नाय.”

कोणीतरी शिट्टी मारली. मृदंगवाला, रोज त्याच्याच ताटात जेवणारा, तोंडावर हात धरून हसत होता. ते सगळ्यात जास्त झोंबलं. नंदूची कानशिलं तापली. प्रधान झालेला नट मदतीला धावला आणि त्याने ठरलेला प्रश्न टाकला, “महाराज, ही बाई कोण?” पण नंदूला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. तो उत्तर शोधत होता, म्हातारीला पुरून उरेल असं.

उत्तर सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात दाई जवळ आली. वाकून, दोन्ही हातांनी, ती त्याचा मुकुट सरळ करू लागली… शाळेत निघालेल्या पोराचा भांग पाडावा तशी, अगदी सवयीने.

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी.

नंदूने ते हात झटकले. झटकले कसले, म्हातारीला बाजूला ढकललंच. सगळ्या ताकदीनिशी.

म्हातारी बाकड्याच्या कोपऱ्यावर आदळली आणि खाली बसली.

“कोण ही थेरडी?” नंदू गरजला. हा आवाज आपल्यात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. “मी हिला ओळखत नाही! काढा हिला बाहेर!”

मग टाळ्या. अशा की त्यांत झांज ऐकू येईना. पहिली रांग उठून उभी राहिली. एक मानकरी डोळे पुसत होता.

आणि खरं सांगायचं, लाज वाटली तरी सांगायचं, तर नंदूला त्या टाळ्या आवडल्या. छाती फुगली. क्षणभरच, पण फुगली.

मग त्याने खाली बघितलं. दाईच्या पांढऱ्या केसांच्या टोपाखालून लाल ओघळ उतरत होता. तोंडाच्या पांढऱ्या रंगातून हनुवटीपर्यंत आला होता. नाना नाटक करत नव्हते.

मी हिला ओळखत नाही. हे वाक्य आपण बोललो…? कोणी सांगितलं होतं बोलायला? तो मनातल्या मनात मागे गेला, कुठे घसरलो ते शोधू लागला, आणि त्याला जागा सापडेना. तोंडात मारल्यासारखा तो नुसता बसून राहिला. त्या आख्यानातल्या राजाने निदान हात तरी उचलला नव्हता. चाळीस वर्षांत एकाही धवलकीर्तीने दाईला ढकललं नव्हतं.

नाना उठले. दाईच्याच चालीने, वाकून, आत गेले. खेळ पुढे चालला. उरलेला राजा आपण कसा केला ते नंदूला आजही सांगता येत नाही.

पडवीत पेटी वाजवणाऱ्याने नानांच्या कपाळाला हळद दाबून धरली होती. टोप उतरवला होता, लुगडं तसंच होतं. नंदू त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मांडीवरचे हात आपलेच, पण त्याला त्यांच्याकडे बघवेना.

“नाना… मी उठतलंय होतंय. खराच.”

“हां.”

“आवस म्हणतलंय होतंय. शब्द तोंडात होतो.”

“हां.”

पेटीवाला हळदीची वाटी ठेवून बाहेर गेला. नंदूने मुकुट काढला आणि नानांच्या पायाशी ठेवला.

“घ्या ह्यो. देवासमोर बोललंय, ता पाळतंय. दुसऱ्या कोणाक राजा करा. भितरसून बरो आसा, असो कोणतरी बघा.”

“गावलो तर सांगतंय,” नाना म्हणाले.

बाहेर लोक उठून घरी निघाले होते, आणि जाता जाता नंदूचीच तारीफ करत होते. सगळं आत ऐकू येत होतं. एकेक शब्द त्याला चाबकासारखा लागत होता.

मग एकाएकी त्याने मान वर केली. डोळ्यांत आशा होती. बुडणाऱ्याला काडी दिसावी तशी.

“नाना… तुमी मुद्दाम केलात ना? लोकांका माझ्यार हसवलात, माका डिवचलात… मी चुकूक व्हयो म्हणान? परीक्षा होती ना ती? सांगा ना. होती म्हणा.”

नानांनी मुकुट उचलला. मागून बघितला. नाडी सैल झाली होती. त्यांनी ती ओढली आणि नीट गाठ मारली.

मग दोन्ही हातांनी तो नंदूच्या डोक्यावर ठेवला. थोडा डावीकडे केला, थोडा उजवीकडे. नंदूचे हात मांडीवरच राहिले.

“परीक्षा कसली, बाबा,” नाना म्हणाले. “मुकुट खरोखरच तिरको झाललो.”