मगदुमांच्या घरचं वायफाय

“...पण मी समोर असले की मग का नाही तुटत?”

गिरिजा हत्तरकीने हे विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या टेलिफोनच्या पोटात डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

चौतीस वर्षं चाचा गडहिंग्लज आणि आसपासच्या खेड्यांत टेलिफोनच्या खांबांवर चढत-उतरत होते. तार कुठे तुटलीय ते म्हातारा खांबाला कान लावून सांगतो, असं लोक म्हणायचे. डिप्लोमा झाल्यावर गिरिजा दोन वर्षं त्यांच्या हाताखाली राहिली. आता ती इंटरनेटच्या कंपनीत होती. वायफायमधलं आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही, असं लोक म्हणत आणि तिलाही ते पटलेलं होतं.

“काय तुटत नाही?” चाचांनी विचारलं.

“मगदुमांच्या घरचं वायफाय. रोज अकराच्या सुमाराला आतल्या खोलीतला फोन सुटतो. राउटर बदलला. वायर नवी ओढली. चॅनेल बदलून पाहिले. चार खेपा झाल्या. दोनदा तर मुद्दाम अकराला जाऊन बसले. तासभर एकदाही तुटलं नाही. मी उंबरा ओलांडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.”

“मग तूच राहा की तिथं.”

गिरिजा हसली नाही.

“अकराला काय असतं त्यांच्याकडं?”

“पुण्याच्या कुणी मॅडम व्हिडिओवर बोलायला शिकवतात.”

“कुणाला?”

“मगदुमांना. लकवा झालाय म्हणे.”

“म्हणे...?”

गिरिजाने खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा उगाच नीट केला.

“नाव काय त्यांचं?”

“कनेक्शन पद्मावती मगदूम यांच्या नावावर आहे.”

चाचांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

“म्हणजे नेमाण्णा,” ते हळू आवाजात म्हणाले.

नेमाण्णा म्हणजे नेमगोंडा मगदूम, कुस्तीच्या मैदानाचा आवाज. पैलवानाचं नाव, त्याचं गाव, त्याचा वस्ताद, सगळं ते असं पुकारायचे की हलगीवाल्याचा हात आपोआप थांबायचा. कर्णा बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. गिरिजाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलंही नव्हतं.

“उद्या मी येतो,” चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दोघं मगदुमांच्या दारात उभे राहिले. कडी वाजवली. आतून घाईने काही हलवल्याचा आवाज आला, मग नेमाण्णांच्या बायकोने, पद्माक्कांनी, दार उघडलं.

पुढे-मागे दोन खोल्या. भिंती दगडी, हातभर जाड. राउटर पुढच्या खोलीत फळीवर. मधल्या चौकटीला दार नव्हतं, नुसती मोकळी वाट. त्या वाटेने आत गेलं की डाव्या हाताला लोखंडी कपाट आणि समोर कॉटवर नेमाण्णा. पिळदार मिशीचा माणूस. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला.

“परवा फोन भिरकावला त्यांनी,” पद्माक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. “मॅडम म्हणतात, खंड पडू देऊ नका. आणि हे म्हणतात, पुरे झालं. म्हणजे... हातानं म्हणतात.”

गिरिजाने सिग्नल मोजायचं यंत्र काढलं. आतल्या खोलीत आकडे झकास होते.

“बघा चाचा. आत्ता सगळं ठीक आहे.”

“ते पिशवीत ठेव.”

“पण...”

“ठेव.”

तिने ते ठेवलं. कान तापले होते तिचे.

चाचा जाऊन कॉटच्या कडेला टेकले. ते राउटरकडे फिरकले नाहीत, वायरकडे बघितलं नाही. पाच मिनिटं गेली असतील. दोन म्हातारे शेजारीशेजारी नुसते बसून होते.

“अण्णा,” चाचा शेवटी म्हणाले, “तुमचं बोलणं मी खांबावरनं ऐकलंय. मैदानाच्या कडेच्या खांबावर होतो. तार जोडायची सोडून कुस्ती बघत बसलो. साहेबानं मेमो दिला.”

नेमाण्णांनी मान खाली घातली.

चाचांनी खिशातून रुमाल काढला, मांडीवर पसरला. मग तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही रुमालावर ठेवून दिल्या. त्यांचा चेहरा एकदम आत बसला. गिरिजाने इतक्या वर्षांत चाचांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला नजर कुठे ठेवावी कळेना.

“आता फांगा,” चाचा म्हणाले, “कुठला फब्द फाललाय फिकायला?”

पद्माक्कांनी पदर तोंडाला लावला.

नेमाण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशीची एक बाजू थरथरली, आणि घशातून खरखरीत, अर्धं हसू फुटलं. त्यांनी डाव्या हाताने एक वही पुढे केली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं... शेंगा.

“फेंगा,” चाचा म्हणाले.

“हें...गा,” नेमाण्णा म्हणाले.

“दोघंबी नापाफ!”

तेवढ्यात फोन वाजला. अकरा. पुण्याच्या मॅडम.

नेमाण्णांनी डावा हात उचलून पद्माक्कांना कपाटाकडे बोट दाखवलं. पद्माक्का घुटमळल्या. गिरिजाकडे बघितलं त्यांनी.

“पाहुण्यांसमोर नको म्हणायचे ना तुम्ही?”

नेमाण्णांनी पुन्हा बोट दाखवलं. या वेळी जरा जोरात.

पद्माक्कांनी कपाटाचं डावं दार पूर्ण उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला उभा आरसा होता. ते मोठं लोखंडी दार फिरून थेट मधल्या चौकटीवर येऊन बसलं. आता कॉटवरून आरसा दिसत होता, आणि पुढच्या खोलीतून आतलं काहीच दिसत नव्हतं.

“ओठ कसे हलतात ते आरशात बघत बोलायचं, असं मॅडमनी सांगितलंय,” पद्माक्का म्हणाल्या. “आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाबी दिसत नाही. कुणी आलं की मी आधी कपाट लावते, मग कडी काढते.”

दोन्ही म्हातारे आरशात बघून तोंडं वेंगाडू लागले. फोनमधून मॅडमचा आवाज आला, “अण्णा, आज जोडीदार आणलाय वाटतं! चला, ओठ गोल करा, आणि...”

आणि आवाज गेला. पडद्यावर मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

गिरिजा दार थोडं सारून, अंग चोरून पुढच्या खोलीत धावली. राउटरचे सगळे दिवे हिरवेगार. ती वळली. समोर चौकटभर लोखंड. दगडी भिंतीतून वाट नाही, जी एकच मोकळी वाट होती तिच्यावर हे झाकण.

चार खेपांत तिने हे कपाट आठ वेळा तरी ओलांडलं असेल. बंद कपाट.

तिने दार हलकेच आत ढकललं.

“...ऐकू येतंय का अण्णा?” फोन बोलला.

तिने दार पुन्हा उघडं केलं. थोडा वेळ गेला. आवाज तुटला.

तिचा स्वतःवर विश्वास बसेना. पुन्हा लावलं. मॅडम आल्या.

नेमाण्णा कॉटवर पुढे सरकले होते. त्यांची नजर दारावरून फोनवर, फोनवरून दारावर उड्या मारत होती, जत्रेत जादूगारासमोर बसलेल्या पोरासारखी.

“पुन्हा,” ते म्हणाले.

कुणीच हललं नाही.

“पुन्हा!” नेमाण्णा म्हणाले. खणखणीत. ‘प’ फुटला, ‘न्हा’ लांबला, आणि तो आवाज दगडी भिंतींना धडकून परत आला.

पद्माक्कांनी फोन उचलून त्यांच्या पुढ्यात धरला.

गिरिजाने दार पुन्हा उघडलं, लावलं, उघडलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता तिचा.

त्या दुपारी तिने चौकटीच्या वरून वायर आत घेतली आणि राउटर आतल्या खोलीत, कॉटच्या डोक्यावरच्या खुंटीशी बसवला. कपाटाचं दार उघडंच ठेवलं. निघताना नेमाण्णांनी चाचांचा रुमाल स्वतःच्या डाव्या हाताने त्यांच्यापुढे केला, दोन्ही कवळ्यांसकट.

दोघं परतीच्या वाटेला लागले. एस.टी. स्टँड मागे पडला, बाजारपेठ मागे पडली.

“चाचा... कपाटाचा संशय तुम्हाला कधी आला?”

“कसलं कपाट? मी आरशात बघत होतो.”

“खरंच?”

चाचा चालत राहिले.

“मी मोजण्यात कुठे चुकले?”

“मोजण्यात तू कशाला चुकशील?”

गिरिजा थांबली. चाचाही दोन पावलं पुढे जाऊन थांबले.

“मग उद्या दुसऱ्या घरी जायचंय मला. तिथेही असंच तुटतंय म्हणतात. गेल्या गेल्या आधी काय तपासू?”

चाचांनी तिच्या खांद्यावरच्या जड पिशवीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“पाणी माग,” ते म्हणाले. “...आणि सावकाश पी.”